आपला संगणक सुरक्षित आहे

मराठी घरात अँटिव्हायरस कुणी ठरवून आणत नाही. तो साठत जातो. नवा कॉम्प्युटर घेताना दुकानदार म्हणतो, "साहेब, एक वर्षाचा टाकून देतो, बिलात ॲडजस्ट करू." तो पहिला. वर्ष सरलं की शेजारचा मुलगा येऊन म्हणतो, "काका, पैसे कशाला घालवता? हा फ्री आहे आणि त्याच्यापेक्षा भारी आहे." तो दुसरा. मुलगा मेकॅनिकलला असतो, पण इंजिनिअरिंगला आहे एवढं आपल्याला पुरतं. दुसरा आला म्हणून पहिल्याला कुणी काढत नाही, कारण त्याचे पैसे मोजलेले असतात, आणि पैसे मोजून घेतलेली वस्तू केवळ मुदत संपली म्हणून फेकून द्यायची आपल्याकडे रीत नाही. पुढे कधीतरी पीडीएफ वाचायचं काहीतरी उतरवून घेताना एका बारीक चौकटीत आधीच बरोबरची खूण असते. ती काढायची असते हे लक्षात येईपर्यंत तिसरा आत येऊन पथारी पसरून बसलेला असतो. आणि या सगळ्यांच्या आधीपासून विंडोजबरोबर आलेला डिफेंडर घरात असतोच. तो फुकट, घरचा आणि कमी बोलणारा, त्यामुळे त्याला कुणी मोजत नाही.

आमच्या भावोजींच्या कॉम्प्युटरवर असे चार जण आहेत. भावोजी सांगलीला असतात. जिल्हा परिषदेच्या अर्थ विभागातून निवृत्त झाले. सगळी हयात दुसऱ्याच्या बिलांवर आक्षेप काढण्यात गेल्यामुळे एका सहीवर विश्वास ठेवणं त्यांच्या प्रकृतीला मानवत नाही. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, घड्याळाशेजारी, ढालींची एक रांग लागलेली असते. कंपन्यांची नावं घरात कुणाला पाठ नाहीत. 'दुकानातला', 'शेजारचा', 'पंचांगातला' आणि 'घरचा' अशी ओळख पडली आहे. पंचांगातल्याची हकीकत पुढे येईल.

भावोजींचा एकुलता एक मुलगा बंगळुरात सॉफ्टवेअरमध्ये आहे. तो दर रविवारी फोनवर सांगतो, "बाबा, विंडोजचा आहे तेवढा पुरे. बाकीचे काढून टाका." हा सल्ला फुकट असतो आणि पोटच्या पोराचा असतो, या दोन कारणांनी तो दप्तरी दाखल होतो, अंमलात येत नाही. मेकॅनिकलवाला शेजारचा असल्याने त्याचं मत तज्ज्ञाचं.

सकाळी भावोजी कॉम्प्युटरचं बटण दाबतात आणि अंघोळीला जातात. कॅबिनेटच्या पोटात हार्ड डिस्क कर्रकर्र करायला लागते, पुढचा तांबडा दिवा लुकलुकण्याच्या पलीकडे जाऊन नुसताच पेटून राहतो. अंघोळ होते, देवपूजा होते, चहा होतो. मग पडद्यावर माउसचा बाण उगवतो. तो हलत नाही. त्याच्याजवळ एक निळं कडं फिरत असतं. ताई पदराला हात पुसत विचारते, "झाला का सुरू? मला लाइटबिल भरायचंय." भावोजी समाधानाने सांगतात, "थांब. चेक करतंय." एखाद्या दिवशी चुकून लवकर सुरू झाला, तर त्यांचा चेहरा उतरतो. आज बहुतेक नीट तपासलं नाही, म्हणून ते पुन्हा बंद करून चालू करतात.

या बंदोबस्तामागे त्यांचं स्वतःचं शास्त्र आहे. "अहो, एका ऑडिटरवर कारभार सोडतं का कुणी? आमच्याकडे आधी स्थानिक निधीवाले यायचे. ते गेले की महालेखापालांचे. एकाच्या नजरेतून सुटलं की दुसरा धरणार म्हणजे धरणार."

शास्त्र बिनतोड आहे. अडचण एवढीच, की जिल्हा परिषदेत हे दोघे वेगवेगळ्या महिन्यांत यायचे. एकाची जीप गेली, त्याने काढलेले आक्षेप कपाटात गेले, मग दुसऱ्याची जीप. आता समजा, दोघे एकाच दिवशी, एकाच टेबलाशी, एकाच कॅशबुकावर हात ठेवून बसले. कारकुनाने कॅशबुक मागितलं. पहिला म्हणाला, "थांबा, आधी मी बघतो," आणि त्याने ते उघडलं. दुसऱ्याचा नियम असा, की कॅशबुक कुणीही उघडलं तरी आधी त्याने तपासायचं. पहिला परका असल्याने तोही 'कुणीही'तच मोडतो. म्हणून दुसऱ्याने ते ओढून घेऊन उघडलं. पहिल्याचाही नियम तोच. कारकून बिचारा उभा.

अँटिव्हायरसचा 'रिअल टाइम' पहारा म्हणजे नेमका हाच प्रकार. तुम्ही फाइलवर दोनदा टिचकी मारता तेव्हा ती तडक तुमच्या हातात येत नाही. विंडोजच्या पोटात, फाइल आणि तुम्ही यांच्यामध्ये, अँटिव्हायरसचा एक छोटा प्रोग्राम बसलेला असतो. तो ती मधल्यामध्ये अडवतो, वाचतो आणि हरकत नसली तर पुढे सोडतो. एकच असला तर हे इतक्या झटकन होतं की आपल्याला पत्ता लागत नाही. दोघे असले की प्रत्येकाला दुसऱ्याच्या वाचण्याचाच वास येतो. अशी साखळी कुठेतरी तोडायची सोय चांगल्या कंपन्या करतात, पण ती आपल्या माणसापुरती. घरात दुसरा कुणी असेल हे सहसा कुणी धरून चाललेलं नसतं. मग कधी नुसतीच कामं रेंगाळतात, कधी दोघेही एकमेकांची वाट पाहत थांबतात आणि कॉम्प्युटर 'हँग' होतो, तर कधी निळा पडदा येतो आणि त्यावर उदास चेहऱ्याचं चिन्ह.

मायक्रोसॉफ्टने यावर उतरंडही लावून दिली आहे. असं मध्ये बसून काम करणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामला एक क्रमांक मिळतो. अँटिव्हायरसवाल्यांसाठी ३,२०,००० ते ३,२९,९९९ असा पट्टा राखून ठेवलेला आहे. ज्याचा क्रमांक वरचा, त्याच्याकडे फाइलची मागणी आधी येते. हे मी भावोजींना सांगितलं तेव्हा ते खुर्चीत सावरून बसले. "म्हणजे सेवाज्येष्ठता यादी आहे म्हणा की!" आणि त्यांनी लगेच दुकानातल्याचा क्रमांक शेजारच्याच्या वर लावता येईल का, अशी चौकशी केली. शेवटी पैसे दुकानातल्याला दिले होते.

भांडणाचं दुसरं कारण जरा खासगी आहे. प्रत्येक अँटिव्हायरसजवळ व्हायरसांच्या ओळखखुणांचा साठा असतो. अमुक व्हायरसच्या पोटात अमुक अक्षरं सापडतात, तमुकाच्या पोटात तमुक. आता या खुणा ज्याच्या खिशात सापडतील तो व्हायरस, असंच तर दुसऱ्याला शिकवलेलं असतं. तो पहिल्याच्या खिशात हात घालतो आणि त्याला एका जागी हजारो व्हायरसांच्या खुणा मिळतात. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही बोंब ठोकली असती. शिवाय पहिल्याने पकडून विलगीकरणात ठेवलेला माल असतो, तोही दुसऱ्याला सापडतो. हल्ली बहुतेक कंपन्या हा सगळा ऐवज सांकेतिक करून ठेवतात, त्यामुळे असले तंटे कमी झाले. पण संशय एकदा बसला की बसला.

हे तंटे डोळ्यांनी पाहायचे असतील तर एक निरुपद्रवी सोय आहे. 'आयकार' नावाच्या युरोपीय संस्थेची एक चाचणी फाइल मिळते. अवघी ६८ अक्षरांची. तिच्यात व्हायरस वगैरे काही नाही, पण ती दिसली की व्हायरस सापडल्यासारखं वागायचं, असं अँटिव्हायरस कंपन्यांनी आपसांत ठरवून घेतलं आहे. सगळ्या कंपन्यांचं मनापासून एकमत आहे असा हा बहुधा एकच व्हायरस, आणि तोही खोटा. शेजारच्या मुलाने एका संध्याकाळी ती ६८ अक्षरं नोटपॅडमध्ये घालून सेव्ह केली. क्षणभर शांतता. मग खालून एक चौकट सरकत वर आली: धोका रोखला. तिच्या डोक्यावर दुसरी: धोका रोखला. मग पहिलीची पुन्हा: फाइल सापडत नाही. मग दुसरीची: या फाइलला हात लावण्याचा अधिकार तुम्हाला नाही. भावोजी पुढे वाकून वाचत होते. "पण पकडला कुणी?" त्यांनी विचारलं. याचं उत्तर कुणालाच देता येईना. दोघांच्या अहवालांत तो आपल्याच नावावर जमा होता.

व्हायरसची भीती भावोजींच्या मनात आजची नाही. जिल्हा परिषदेत पहिले कॉम्प्युटर आले तेव्हा त्यांच्यासाठी खास एसी बसवलेली खोली होती. साहेबांना पंखा आणि यंत्राला एसी, याची कचेरीत पुष्कळ चर्चा झाली. दाराबाहेर चपला काढाव्या लागत. ते धुळीसाठी होतं, पण आत व्हायरस जाऊ नये म्हणून चपला बाहेर, अशीच निम्म्या कचेरीची समजूत होती आणि उरलेल्या निम्म्यांनी ती खोडून काढली नाही. पुढे एमएस-सीआयटी केल्याशिवाय वेतनवाढ नाही, असं फर्मान आलं. भावोजी मुलीच्या वयाच्या मॅडमपुढे बाकावर बसून ती परीक्षा पास झाले. त्यातलं पुढे कामाला आलं असं काय, विचाराल तर कॉपी, पेस्ट आणि व्हायरस.

भीतीला आधार नव्हता असंही नाही. पेनड्राइव्हचा जमाना आठवा. डीटीपीच्या दुकानात लग्नाची पत्रिका छापायला दिली की पेनड्राइव्ह परत येताना 'न्यू फोल्डर' घेऊन यायचा. दिसायला अगदी पिवळं फोल्डर, पण शेपटीला 'ईएक्सई'. माणसाने नवं काय आलं बघू म्हणून टिचकी मारली की संपलं. त्या काळात एका अँटिव्हायरसने भागेना, म्हणून लोकांनी दुसरा घातला. पुढे पेनड्राइव्ह गेले, डीटीपीवाले गेले, दुसरा अँटिव्हायरस मात्र घरात राहिला.

त्यापूर्वीचे व्हायरस तर फार सभ्य होते. पीसीवरचा पहिला व्हायरस म्हणून ज्याची नोंद होते तो 'ब्रेन' १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी केला, बासित आणि अमजद फारूक अल्वी. आपलं सॉफ्टवेअर लोक चोरून वापरतात म्हणून त्यांनी तो फ्लॉपीत घातला आणि त्यात आपलं नाव, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबर लिहून ठेवला. लोकांनी अमेरिकेतून लाहोरला फोनही केले. आजचा चोर असा पत्ता ठेवून जात नाही. भावोजींना ही गोष्ट सांगितली तेव्हा ते म्हणाले, "पत्रव्यवहार करता आला असता हो त्यांच्याशी."

आता पहारेकऱ्यांच्या कर्तबगारीचं पाहू. ते चोर पकडतात यात शंका नाही. पण मधूनमधून घरमालकालाही पकडतात. नोव्हेंबर २००८ मध्ये एव्हीजीने विंडोज एक्सपीची 'यूजर ३२' ही फाइल ट्रोजन ठरवली. तिच्याशिवाय विंडोज सुरूच होत नाही. एप्रिल २०१० मध्ये मॅकॅफीने अशीच 'एसव्हीसी-होस्ट' नावाची मोक्याची फाइल धरली, आणि जगभरची मशीनं बंद-चालू, बंद-चालू करत बसली. ऑस्ट्रेलियात एका सुपरमार्केटच्या साखळीला काही दुकानांचे गल्ले बंद ठेवावे लागले. सप्टेंबर २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या अँटिव्हायरसने गूगलचा क्रोम ब्राउझर बँक खाती लुटणारा व्हायरस म्हणून उडवला. दोन्ही कंपन्यांचे परस्परसंबंध पाहता ही गोष्ट लोकांनी फार आवडीने वाचली. कळस केला तो सोफोसने. १९ सप्टेंबर २०१२ रोजी त्याने स्वतःलाच पकडलं. स्वतःच्या अपडेट करणाऱ्या भागाला व्हायरस ठरवून कोंडून घातलं. चूक दुरुस्त करणारी नवी अपडेट कंपनीने तातडीने काढली खरी, पण ती उतरवून घेणारा कोठडीत! इतकी निःपक्षपाती तपासणी आमच्या कुठल्याही ऑडिटरला जमली नसती, अशी भावोजींनी दाद दिली.

आणि १९ जुलै २०२४ तर अजून ताजीच आहे. क्राउडस्ट्राइकचं सॉफ्टवेअर घरातल्या कॉम्प्युटरवर नसतं, मोठ्या कंपन्यांत असतं, पण बसतं तसंच, विंडोजच्या पोटात. त्याची एक अपडेट सदोष निघाली आणि मायक्रोसॉफ्टच्याच हिशेबाने सुमारे ८५ लाख मशीनं निळी पडली. आपल्याकडे विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून दिले गेले. त्या दिवशी व्हायरस एकही नव्हता.

एवढं ऐकवल्यावर शहाण्या माणसाने काय निष्कर्ष काढावा? एका पहारेकऱ्याची चूक होऊ शकते, तर दोघांच्या चुकांची बेरीज होईल. भावोजींनी मान डोलावली. "तेच म्हणतो मी. एक चुकतो. म्हणूनच दोन लागतात."

बरं, हे दोघे वैरी तरी आहेत का? नॉर्टन, अव्हास्ट, एव्हीजी, अविरा ही नावं एकेकाळी वेगवेगळ्या घरची होती. अव्हास्ट प्रागचा. एव्हीजीही चेकच, ब्रनोचा. अविरा जर्मन. नॉर्टन अमेरिकन, त्याच्या खोक्यावर हाताची घडी घातलेले पीटर नॉर्टन साहेब असायचे. अव्हास्टने २०१६ साली एव्हीजी घेतला. नॉर्टनवाल्यांनी आधी अविरा घेतला, मग २०२२ मध्ये अव्हास्ट, आणि सगळ्या खटल्याचं नाव ठेवलं 'जेन डिजिटल'. म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरवर यांतले दोघे एका फाइलसाठी हातघाईवर आले असले, तरी त्यांच्या मालकांची ताटं एकाच पंगतीला मांडलेली असतात. ज्यांनी एकापेक्षा जास्त सुरक्षितता म्हणून वेगवेगळ्या खोक्यांचे पैसे भरले, त्यांनी ते एकाच गल्ल्यात भरले.

आपल्याकडचं प्रकरण वेगळं. अनोळखी माणसाला उंबऱ्याबाहेर उभं करून "काय काम आहे?" असं विचारणारं सॉफ्टवेअर पुण्यात निघावं यात नवल नाही, असं सांगलीत म्हणतात. क्विक हील पुण्याचं, नेट प्रोटेक्टरही पुण्याचं. पण क्विक हीलचे कैलास काटकर मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे. कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता कॉम्प्युटरकडे वळले. दुरुस्तीला येणाऱ्या मशीनांत व्हायरस सापडायचे. धाकटे भाऊ संजय यांनी त्यावर प्रोग्राम लिहिला आणि १९९५ साली तो बाजारात आला. २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात गेली. तेव्हा संशयी स्वभावाचं सगळं श्रेय एकट्या पुण्याला देता येणार नाही.

आता पंचांगातला. भावोजी एकदा कुठल्याशा संकेतस्थळावर गुरुपुष्यामृत योग पाहत होते. वरून एक चौकट आली: आम्ही तुम्हाला सूचना पाठवू का? पंचांगाला नाही कसं म्हणायचं, म्हणून त्यांनी परवानगी दिली. दुसऱ्या दिवसापासून उजव्या कोपऱ्यात एक देखणी ढाल यायला लागली. तांबडी, कडेला सोनेरी. तुमच्या संगणकात ५ व्हायरस आहेत. संरक्षणाची मुदत आज संपते. येथे दाबा. भावोजींनी हा चौथा अँटिव्हायरस म्हणून मनोमन मंजूर केला, आणि चौघांत त्यांचा जीव जडला तो याच्यावर. कारण बाकीचे नुसते 'सर्व ठीक आहे' म्हणतात, हा रोज काहीतरी शोधून काढतो. कॉम्प्युटर जराही संथ करत नाही. करील कसा? तो अँटिव्हायरसच नव्हता. ढालीचं चित्र लावलेली ती नुसती जाहिरात होती, पैसे उकळणाऱ्यांची. त्यांनी पैसे भरले नाहीत ते एवढ्याचसाठी, की कार्डावरचा नंबर चष्म्यातूनही दिसेना आणि वाचून दाखवायला ताई भाजी आणायला गेली होती. विशेष म्हणजे ही ढाल रोज वर येत असताना दुकानातला आणि शेजारचा दोघांनीही हूं की चूं केलं नाही. ते फाइली तपासत होते. इथे फाइल नव्हतीच.

शेजारच्याचीही कीर्ती अशीच आकड्यांवर आहे. फुकटातल्याला काहीतरी केल्याचं दाखवावं लागतं. म्हणून तो ब्राउझरमधल्या कुकीज मोजतो आणि त्यांना 'धोके' म्हणतो. भावोजी ते आकडे चहाच्या वेळी जाहीर करतात. "आज सदतीस." ताई विचारते, "मेले का?" "मेले." उद्या ताई पुन्हा त्याच दुकानात साडी बघणार, तेवढेच पुन्हा येणार.

दर बुधवारी दुपारी मोठी तपासणी असते. दुकानातल्याने आपल्या सोयीने दुपारची वेळ ठरवली होती, शेजारच्यानेही तीच निवडली. माणसं जेवून लवंडतात तेव्हा मशीन रिकामं असतं, हे दोघांनाही ठाऊक. मग पुढचे काही तास दोघे मिळून त्या जुन्या हार्ड डिस्कची सुई या टोकाहून त्या टोकाला पळवत राहतात. कॅबिनेट इतकं तापतं की ताई त्याच्यावर कोकमाची साल वाळत घालते. चांगली वाळते, असं ती म्हणते.

ज्याच्या रक्षणासाठी एवढा फौजफाटा, तो खजिना मी पाहिला आहे. नातवाचे फोटो आहेत, निवृत्तीवेतनाच्या पावत्या आहेत, सोसायटीच्या सेक्रेटरीला लिहिलेली पाण्याच्या टाकीबद्दलची पत्रं आहेत, तारीखवार. बँकेचा पासवर्ड कॉम्प्युटरवर नाही. "तिथे ठेवणं धोक्याचं," भावोजी म्हणाले. तो भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे पेन्सिलने लिहिलेला आहे आणि दूधवाल्याचा हिशेबही तिथेच असल्याने दूधवाल्याला पाठ आहे. फोनवर एकही अँटिव्हायरस नाही. फोनवर व्हायरस येत नाहीत, फक्त व्हॉट्सॲप येतं, असं त्यांचं मत. परवा एका अनोळखी नंबरवरून लग्नपत्रिका आली होती. तिच्याही शेपटीला तीन अक्षरं होती, 'एपीके'. असली पत्रिका उघडली की फोन दुसऱ्याच्या ताब्यात जातो, हे आता पोलीसही सांगत असतात. भावोजींनी ती उघडली नाही. नावं ओळखीची नव्हती आणि आहेर करावा लागला असता.

शेवटी ताईनेच हट्ट धरला. लाइटबिलाची तारीख उलटून दंड बसला होता. "दोन्हींतला एक काढ रे बाबा," ती मला म्हणाली. भावोजींनी लेखी हरकत नोंदवली नाही, पण ते शेजारी खुर्ची घेऊन बसले. शेजारच्याला काढायचं ठरलं, कारण तो फुकटातला.

अँटिव्हायरस आत येताना काही विचारत नाही. जाताना पुष्कळ विचारतो. खरंच काढायचं आहे का? आपला संगणक असुरक्षित होईल. तरीही? का सोडून जात आहात, याचं कारण निवडा: फार महाग आहे. भावोजी म्हणाले, "फुकट आहे, असं लिहा." तसा पर्याय नव्हता. सर्वांत मोठं हिरवं बटण 'राहू द्या' म्हणत होतं, आणि 'काढा' हे शब्द त्याखाली करड्या रंगात, चष्मा पुसल्यावर दिसतील असे. सगळं पार पडलं, मशीन बंद करून चालू केलं. ढाल जागच्या जागी. अँटिव्हायरसला साध्या वाटेने घालवता येत नाही, कारण व्हायरसने आपल्याला घालवू नये म्हणून त्याने पाय घट्ट रोवलेले असतात. म्हणून जवळजवळ प्रत्येक कंपनी आपलं सॉफ्टवेअर समूळ काढून टाकण्यासाठी आणखी एक सॉफ्टवेअर देते. ते मी कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून घेतलं आणि टिचकी मारली.

दुकानातल्याने ते अडवलं. एक अनोळखी प्रोग्राम तुमच्या संगणकाचं संरक्षण बंद करण्याचा प्रयत्न करत आहे, असं त्याचं म्हणणं. ते अक्षरशः खरं होतं. फाइल विलगीकरणात गेली. शेजारचा, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्यानेही खालून मान वर काढून धोका रोखल्याची नोंद आपल्या नावे केली.

"बघा," भावोजी म्हणाले. आवाजात विजय नव्हता, निवृत्त माणसाची शांत खात्री होती. "एक दुसऱ्याला वाचवतोय."

त्याच आठवड्यात त्यांनी दुकानातल्याचं नूतनीकरण केलं. तीन वर्षांचं, तीन यूजरचं, कारण ते स्वस्त पडतं. एक की त्यांनी स्वतः वापरली. दुसरी मेकॅनिकलवाल्याच्या आईला दिली. फोनवर अक्षरं सांगताना ताईचा बराच वेळ 'ओ' की शून्य यात गेला. तिसरी मला व्हॉट्सॲपवर पाठवली आणि खाली लिहिलं, "तुमच्याकडे आहे तो राहू द्या. हा वरून टाका."